कोणत्या दिवसाकडे?

२०१३ च्या जानेवारीत रंगूनच्या मिंगलाडॉन विमानतळावर खोदकाम सुरू झालं, तेव्हा मी सकाळी उठल्याउठल्या आधी तीच बातमी शोधायचो. डेव्हिड कंडल नावाचा लिंकनशायरमधला एक शेतकरी वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगत होता. १९४५ मध्ये युद्ध संपता संपता ब्रिटिशांनी कोरी करकरीत स्पिटफायर लढाऊ विमानं खोक्यांत घालून ब्रह्मदेशच्या जमिनीत पुरली आणि विसरून गेले! किती? कोणी छत्तीस म्हणे, कोणी शंभराच्या वर. आदल्या वर्षी ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन म्यानमारला गेले, तेव्हा त्यांनी हा विषय थेट राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांच्याकडे काढला होता. पैसा आला तो वॉरगेमिंग या कंपनीकडून. रणगाड्यांचे आणि विमानांचे संगणकीय खेळ बनवणारी ही मंडळी. खेळातल्या विमानांवर कमावलेला पैसा खऱ्या विमानांसाठी मातीत ओतायला निघाली, हे मला तेव्हाही गमतीचं वाटलं होतं.

खणल्यावर सापडल्या जुन्या केबल आणि पाण्याच्या नळ्या. उत्तरेला मिचिना इथे खोक्यासारखं काहीतरी लागलं, त्यात कॅमेरा सोडला, तर आत गढूळ पाणी. मग मोहिमेबरोबर गेलेल्या पुरातत्त्वज्ञांनी, जे खरं तर आधी करायचं असतं ते मांडून दाखवलं, म्हणजे कागद वाचले. १९४५-४६ मध्ये रंगूनला जहाजांनी आलेल्या विमानांची नोंद होती ३७, त्यांच्या खोक्यांत स्पिटफायर एकही नव्हतं, आणि त्यातली बहुतेक १९४६ मध्ये पुन्हा बाहेर पाठवली गेली असावीत असं दिसत होतं. शिवाय एवढी अवजड खोकी उचलायला त्या तळाकडे ना यंत्रं होती, ना लाकूड, ना माणसं. आणि ऐन पावसाळ्यात रंगूनच्या मातीत तेवढे खड्डे घेणार कोण? कंपनीने हात काढून घेतला. कंडल यांचा विश्वास मात्र हलला नाही.

मी या प्रकरणाकडे परत परत वळतो, ते त्यातल्या त्या कोऱ्या विमानांसाठी. गंजलेल्या पत्र्याचे छत्तीस ढीग जमिनीखाली आहेत असं कोणी सांगितलं असतं, तर पंतप्रधान बोलले नसते आणि कंपनीनेही पैसे दिले नसते. सगळ्यांना हवं होतं ते काळ न लागलेलं विमान. ज्याच्या बाबतीत अजून काहीच घडलेलं नाही, असं. आणि जमिनीखाली नेमकं तेच कधी मिळत नाही.

जमीन काय करते हे धातूच्या दृष्टीने पाहण्यासारखं आहे. अॅल्युमिनियम हवेत आलं की त्यावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तोच त्याला वाचवतो. मिठातलं क्लोराइड हा थर फोडतं. त्यात विमान म्हणजे पोलाद, पितळ, मॅग्नेशियम, अॅल्युमिनियम एकमेकांना खेटून बसलेले. खारं पाणी मधे शिरलं की प्रत्येक सांध्यावर एक लहानसा विद्युतघट तयार होतो. पोलादी बोल्ट टिकून राहतो आणि भोवतालचा पत्रा खाल्ला जातो. सगळ्यात आधी जातं मॅग्नेशियम.

इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ गुडविन सँड्स नावाच्या वाळूच्या दांड्यांवर २६ ऑगस्ट १९४० ला पडलेलं जर्मन डॉर्निअर डीओ-१७ हे बाँबफेकी विमान जून २०१३ मध्ये वर काढलं. या जातीचं, बऱ्यापैकी अखंड उरलेलं जगातलं हे एकच. आता त्याला हवा लागताच आत मुरलेलं मीठ दुप्पट जोमाने कामाला लागणार होतं. म्हणून कॉस्फर्डच्या संग्रहालयात प्लॅस्टिकचे दोन लांब बोगदे उभारून, त्यात सायट्रिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड घातलेल्या पाण्याचे फवारे त्यावर मारत ठेवले. महिना-दोन महिने नव्हे, काही वर्षं. समुद्रातून काढायला लागले काही आठवडे, आणि त्याच्यातून समुद्र काढायला इतका वेळ.

दलदलीचं तंत्र वेगळं. आयर्लंडच्या डोनेगल भागात ३० नोव्हेंबर १९४१ ला पी ८०७४ क्रमांकाचं स्पिटफायर कोसळलं. वैमानिक रोलंड वुल्फ, मूळचा अमेरिकन, ब्रिटिश हवाई दलात लढणारा. इंजिन तापलं म्हणून त्याने हवाई छत्रीने उडी घेतली आणि नेमका तटस्थ आयर्लंडमध्ये उतरला. तिथल्या नियमानुसार त्याला करा (Curragh) इथल्या छावणीत ठेवलं. दोन आठवड्यांत तो पळून उत्तर आयर्लंडमधल्या आपल्या तळावर हजर झाला, तर वरिष्ठांनी शाबासकी द्यायची सोडून त्याला परत छावणीत धाडला! तटस्थ देशाशी भांडण नको म्हणून. (युद्धाच्या इतिहासातल्या असल्या जागा मला लढायांपेक्षा जास्त आवडतात.) २०११ मध्ये ते विमान उकरलं. पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या दलदलीत प्राणवायू जवळजवळ नसतो, त्यामुळे पोलादही टिकतं. मर्लिन इंजिन मिळालं, वैमानिकाची चामडी टोपी मिळाली, सहा ब्राउनिंग मशीनगना मिळाल्या. आयरिश लष्कराच्या लोकांनी त्या धुऊनपुसून, सरळ करून, जुळवाजुळव करून एक उभी केली आणि ती चालली! सत्तर वर्षं चिखलात राहिलेली बंदूक. विमान म्हणून मात्र तिथे काही उरलं नव्हतं. चिखल लोखंड राखतो, पण जमिनीवर आपटल्याचा आघात पुसत नाही.

आणि बर्फ. बर्फात गंज नाही, मीठ नाही. तिथे काम करतं ते फक्त वजन.

१५ जुलै १९४२ ला अमेरिकेहून ब्रिटनकडे निघालेली आठ विमानं, सहा पी-३८ लाइटनिंग लढाऊ विमानं आणि दोन बी-१७ बाँबफेकी, खराब हवेने अडवल्यामुळे माघारी वळली आणि इंधन संपत आल्यावर ग्रीनलंडच्या हिमपठारावर उतरली. पहिल्याने चाकं खाली घेतली, ती बर्फात रुतली आणि विमान उलटलं. ते पाहून बाकीच्यांनी चाकं पोटात ठेवून विमानं पोटावर घसरवली. पंचवीस माणसं होती, पंचवीसच्या पंचवीस सुखरूप बाहेर आली. विमानं तिथेच राहिली.

पुढे १९८० च्या दशकात पॅट एप्स आणि रिचर्ड टेलर या अमेरिकनांनी ती शोधायला घेतली, तेव्हा त्यांचा अंदाज असा की शेपट्या बर्फातून वर आलेल्या असतील, फावड्याने थोडा बर्फ बाजूला करायचा, टाकीत तेल भरायचं की झालं. मोहिमांमागून मोहिमा झाल्या, शेपटी काही दिसेना. अखेर १९८८ मध्ये रडारने विमानं दाखवली ती सुमारे ८० मीटर खाली. आणि हिमनदी वाहते, त्यामुळे उतरली त्या जागेपासून मैलभराहून अधिक सरकलेली. आधी एका बी-१७ पर्यंत पोचले, तर ते कागदाच्या बोळ्यासारखं चुरगळलेलं. तिथे कोणीही नाद सोडला असता. ते पी-३८ कडे वळले, कारण ते लहान, घट्ट बांध्याचं, तगलं असण्याची शक्यता अधिक.

खाली जायची त्यांची युक्ती मला फार आवडते. भोवती तांब्याच्या नळ्या गुंडाळलेला एक मोठा शंकू, नळ्यांतून फिरणारं गरम पाणी. शंकू स्वतःच्या वजनाने बर्फ वितळवत हळूहळू खाली उतरतो आणि मागे सव्वा मीटर रुंदीची विहीर सोडत जातो. त्याला त्यांनी नाव दिलं होतं ‘गोफर’, म्हणजे बीळ करणारा उंदीर. विहिरीतून माणूस दोरावर लोंबकळत खाली जायचा, गरम पाण्याच्या फवाऱ्याने विमानाभोवती गुहा कोरायचा, आणि त्या गुहेत बसून पानं-हातोड्या घेऊन विमान सुटं करायचा. भिंतींतून पाणी झिरपतंय, वर सव्वीस-सत्तावीस मजल्यांइतका बर्फ. १९९२ च्या उन्हाळ्यात एकेक भाग वर आला. शेवटी मधला, काही टन वजनाचा सांगाडा, त्यासाठी विहीर आणखी रुंद करावी लागली.

या सगळ्याचा खर्च उचलणारे रॉय शॉफ्नर केंटकीतल्या मिडल्सबरोचे. विमान तिथे गेलं. वरवर बरं दिसणारं ते यंत्र उघडत गेल्यावर कळलं की पत्रा जागोजाग वाकलेला, फासळ्या पिचलेल्या, बर्फाने चहूबाजूंनी दाबलेल्या. दुरुस्तीला दहा वर्षं गेली. २६ ऑक्टोबर २००२ ला स्टीव्ह हिंटन यांनी ते उडवलं, तेव्हा पाहायला सुमारे वीस हजार लोक जमले होते. नाव ठेवलं ‘ग्लेशियर गर्ल’. २००७ मध्ये ते ब्रिटनला पोचवून १९४२ चं अर्धवट उड्डाण पुरं करायचं ठरलं, निघालंही, आणि लॅब्रॅडॉरमधल्या गूज बे इथे इंजिनाने दगा दिला. अजूनही ते उड्डाण अपुरंच आहे.

आता माझा मुद्दा. ग्लेशियर गर्लचे फोटो पाहा. चकचकीत रंग, खुणा जागच्या जागी, एक ओरखडा नाही. दहा वर्षांच्या कष्टांनी त्या विमानाला १४ जुलै १९४२ वर परत नेऊन ठेवलंय. पोटावर घसरण्याच्या आदल्या दिवशी. त्याला ज्यामुळे नाव मिळालं, ज्यामुळे वीस हजार लोक जमले, ती बर्फातली पन्नास वर्षं त्याच्या अंगावर कुठेच नाहीत. प्रत्येक पुनर्बांधणी कळत-नकळत विमानाच्या आयुष्यातला एक दिवस निवडते आणि बाकीचे दिवस पुसते. कोणता दिवस निवडला, यावरून विमानापेक्षा निवडणाऱ्याबद्दल जास्त कळतं, असं माझं मत होत चाललंय.

फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या दोन स्पिटफायरांचं उदाहरण घ्या. फ्रान्समधून ब्रिटिश सैन्याच्या माघारीच्या, म्हणजे डंकर्कच्या धामधुमीत, २४ मे १९४० ला पी ९३७४ कॅलेजवळच्या वाळूत उतरलं, आणि दोन दिवसांनी एन ३२०० जवळच्याच सांगातला. दोन्ही वाळूत खाली खाली गेली. पहिलं १९८० मध्ये वर आलं, दुसरं १९८६ मध्ये काढलं. डक्सफर्डच्या कारागिरांनी दोन्ही पुन्हा उडवली, अनुक्रमे २०११ आणि २०१४ मध्ये. २०१५ च्या जुलैत एक संग्रहालयाला भेट दिलं आणि दुसरं लिलावात ३१ लाख पौंडांना गेलं, तेही पैसे दानात. अशा विमानात मूळचं किती असतं? वाळूतून आलेल्या पत्र्यावर कोणी जीव टांगून उडत नाही. रिव्हेट सगळे नवे, कारण एकेक ड्रिलने काढल्याशिवाय आतली झीज दिसतच नाही. पंखाचे मुख्य दांडे नवे. जुने भाग नमुना म्हणून समोर ठेवायचे, मूळ आराखडे मिळवायचे, साचे उभारायचे आणि नवं घडवायचं. जुनं जे तपासणीत उतरेल ते वापरायचं आणि ओळख पटवणारी क्रमांकाची पट्टी त्यात बसवायची. यात फसवणूक आहे असं म्हणणारे आहेत. मला तसं वाटत नाही. पत्र्याला चाकावर गोलाई देणारी, १९४० ची मापं मिलिमीटरच्या अंशापर्यंत काटेकोर पाळणारी ती माणसं उत्कृष्ट कारागीर आहेत, आणि त्यांच्याशिवाय ही विद्याच मेली असती. मर्लिन इंजिनाचा आवाज ध्वनिमुद्रणातून समजत नाही, तो छातीत जाणवावा लागतो. त्यासाठी विमान उडालंच पाहिजे.

तरी मन दुसरीकडे ओढ घेतं. लंडनच्या हेंडनमधल्या हवाई दल संग्रहालयात डब्ल्यू १०४८ हे हॅलिफॅक्स बाँबफेकी विमान ठेवलंय. एप्रिल १९४२ मध्ये ‘टिरपिट्झ’ या जर्मन युद्धनौकेवर हल्ला करायला गेलेलं, मारा खाऊन नॉर्वेतल्या एका गोठलेल्या तळ्यावर उतरलेलं. पुढे बर्फ फुटला आणि ते तळाशी गेलं. १९७३ मध्ये गोताखोरांनी काढलं. त्याला कोणी नवं केलेलं नाही. पुढचा काही भाग हाताळून सोडून दिलेला, बाकी सगळं तळ्यातून आलं तसं. काळवंडलेलं, फाटलेलं, बरगड्या बाहेर आलेल्या. मी तिथे गेलो तेव्हा शेजारची रंगवलेली विमानं लोक फोनमध्ये टिपत होते आणि याच्यासमोर येऊन नुसते उभे राहत होते. त्याच जातीचं दुसरं एक, एनए ३३७, नॉर्वेतल्याच म्योसा सरोवरातून १९९५ मध्ये सव्वादोनशे मीटर खोलीवरून काढलं आणि कॅनडात दहा वर्षं खपून अगदी नव्यासारखं केलं. तेही मोठंच काम. पण मला निवड करायला सांगाल तर मी हेंडनला जाईन.

अर्थात, ही चर्चा विमान रिकामं असेल तर. ब्रिटनमध्ये १९८६ चा कायदा आहे. लष्करी विमानाचे अवशेष परवान्याशिवाय उकरता येत नाहीत, आणि आत माणसाचे अवशेष असण्याची शक्यता असेल तर सहसा परवाना मिळत नाही. ईजिप्तच्या वाळवंटात २०१२ मध्ये पोलिश तेल-कामगारांना एक किटीहॉक लढाऊ विमान दिसलं, जवळजवळ जसंच्या तसं, शेजारी छत्रीच्या कापडाचा केलेला आडोसा. ते डेनिस कॉपिंग या चोवीस वर्षांच्या वैमानिकाचं, २८ जून १९४२ पासून बेपत्ता. विमान मिळालं, माणूस मिळाला नाही. पुढे अल-अलामीनच्या संग्रहालयात त्याला असा काही रंग फासला की सत्तर वर्षांच्या वाळूने राखलेलं सगळं एका हप्त्यात गेलं. इथे मात्र मला संताप आला होता.

आपल्याकडे या गोष्टीची सगळ्यात मोठी जागा ईशान्येला आहे. आसाममधून चीनला रसद नेणाऱ्या ‘हंप’ मार्गावर सुमारे सहाशे अमेरिकन विमानं गमावली गेली, त्यातली कित्येक अरुणाचलच्या डोंगरांत. ‘हॉट अॅज हेल’ नावाचं बी-२४ लिबरेटर बाँबफेकी विमान जानेवारी १९४४ मध्ये आठ माणसांसह नाहीसं झालं. त्याचे अवशेष २००६ मध्ये दामरोहजवळ सापडले आणि अमेरिकी पथक २०१५ मध्ये तिथे पोचलं. त्यांनी पत्रा उचलला नाही, माणसांच्या अवशेषांसाठी माती चाळली. जे मिळालं ते २०१६ मध्ये घरी गेलं. गावकऱ्यांना ती जागा आधीपासून ठाऊक होती, हे अशा बहुतेक ‘शोधां’च्या बाबतीत खरं असतं.

बी-२४ लिबरेटरचा विषय निघालाच आहे, तर कानपूर टाळता येणार नाही. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी आपली लिबरेटर कानपूरच्या चकेरी तळावर आणून सोडली, शंभरच्या आसपास. ती कोणाच्या उपयोगी पडू नयेत म्हणून जाताना मोडून ठेवली. काही ट्रकने ठोकली, काहींच्या इंजिनात वाळू ओतली असं सांगतात. १९४८ मध्ये भारतीय हवाई दलाला अवजड बाँबफेकी विमानं हवी होती आणि विकत घ्यायची ऐपत नव्हती. हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्या भंगारात एकाचा पंख, दुसऱ्याचं इंजिन, तिसऱ्याची शेपटी असं जुळवत विमानं उडण्यापुरती उभी केली आणि जमशेद मुन्शी या चाचणी वैमानिकाने ती एकामागून एक बंगळूरला नेली. पुरती दुरुस्ती तिथे. अशी ४२ विमानं सेवेत आली. पुण्याच्या लोहगावहूनही ती उडत आणि १९६८ च्या अखेरपर्यंत टिकली. तोवर अमेरिकेत बनलेली अठरा हजारांहून अधिक लिबरेटर जवळजवळ सगळी युद्धात तरी गेली होती, नाहीतर नंतर वितळवली गेली होती. मग संग्रहालयांना जाग आली आणि सगळे भारताकडे वळले. हेंडनमध्ये त्या काळ्या हॅलिफॅक्सच्याच दालनात जे लिबरेटर आहे, ते भारतीय हवाई दलाच्या सहाव्या स्क्वाड्रनचं, १९७४ मध्ये भेट दिलेलं.

कानपूरच्या त्या मिस्त्रींना ‘मूळचं किती’ हा प्रश्न पडला नसणार. त्यांना कुठल्या जुन्या दिवसाकडे जायचंच नव्हतं. उद्या उडायचं होतं, बस.

पण पुढे ही विमानं परदेशात गेली की काय होतं पाहा. आर ४११८ हे हरिकेन लढाऊ विमान १९४० च्या ब्रिटनच्या लढाईत ४९ वेळा उडालेलं. नंतर भारतात आलं आणि पुढे बनारस हिंदू विश्वविद्यालयात अभियांत्रिकीच्या मुलांना शिकवायला दिलं. अर्धं शतक ते तिथे राहिलं, बरीच वर्षं उघड्यावर. पीटर व्हॅकर यांनी १९८२ मध्ये ते पाहिलं, २००१ मध्ये विकत घेऊन नेलं, डिसेंबर २००४ मध्ये उडवलं. त्यांनी ते वाचवलं, यात शंका नाही. रंग अर्थातच १९४० चा.

अमेरिकेतल्या, जुनी विमानं जपणाऱ्या कॉलिंग्ज फाउंडेशनचं लिबरेटर तर याहून मासलेवाईक. १९४४ मध्ये फोर्ट वर्थला बनलेलं, ब्रिटिशांनी वापरून भारतात टाकलेलं, आपल्याकडे १९६८ पर्यंत उडालेलं. १९८९ मध्ये ते पुन्हा उडालं ते ‘ऑल अमेरिकन’ या नावाने. १९९८ मध्ये रंग बदलून ‘द ड्रॅगन अँड हिज टेल’ झालं, २००५ मध्ये ‘विचक्राफ्ट’. तिन्ही नावं खऱ्या अमेरिकन विमानांची, त्यांच्यावर लढलेल्या माणसांच्या स्मरणार्थ. त्यामागची भावना मला कळते. पण या विमानाने स्वतः जी वीस वर्षं काढली, ज्यांच्यामुळे ते वितळण्यापासून वाचलं, ती वीस वर्षं भारतीय हवाई दलाची होती. पुढच्या वेळी रंग बदलायला काढतील, तेव्हा एकदा आपल्या हवाई दलाची तिरंगी वर्तुळं त्यावर रंगवून पाहायला काय हरकत आहे?